तिसऱ्या रांगेतला भाऊ

५ जून, बुधवार

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र कपाटावर टाकशील. टाक. पण तुझी बायको ते काढून वाचणार आणि जेवताना तुला ऐकवणार, त्यापेक्षा तूच वाचलेलं बरं. फोन तू घेत नाहीस. नऊ वर्षांत मी तीन वेगवेगळ्या नंबरांवरून फोन केले आणि तिन्ही वेळा नुसत्या ‘हॅलो’वर मला ओळखून तू ठेवून दिलास. कान तिखट आहेत, म्हणजे तब्येत ठीक असणार.

मी बरी आहे. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. निवृत्तीला सात महिने उरलेत. हॉस्पिटल तेच, खोलीही तीच, तळमजल्यावरची बिनखिडकीची. ॲम्ब्युलन्स लावून तू चहा प्यायला यायचास आणि ‘ताई, तुम्ही लोक इथे कात्र्या उकडता की माणसं?’ म्हणून सगळ्यांना हसवायचास. भिंतीच्या फरशांना अजून तसाच घाम सुटतो.

तू ड्रायव्हर माणूस, म्हणून समजावून सांगते. ऑपरेशनचे कात्र्या-चिमटे धुऊन, कापडात बांधून आम्ही वाफेच्या मशीनमध्ये घालतो. बोचक्यावर लावलेल्या चिकटपट्टीच्या रेघा उष्णतेने काळ्या होतात. पण त्या काळ्या झाल्या म्हणजे बोचकं तापलं, एवढंच. वाफ आतपर्यंत गेली का, ते कळायला प्रत्येक खेपेत मधोमध चाचणीचं एक पाकीट ठेवलेलं असतं. त्यातल्या कागदी पट्टीचा रंग बदलला, तरच माल वर ऑपरेशन थिएटरला जातो. परवा सोमवारी मशीन ठासून भरलं गेलं, आणि मास्तरने घाईघाईत चाचणीचं पाकीट न उघडताच माल वर पाठवला. मास्तर म्हणजे आमचा मशीन चालवणारा. बावीस वर्षं माझ्या हाताखाली आहे, नव्या लोकांना छडी न मारता शिकवतो म्हणून त्याचं नाव मास्तर. वर दोन ऑपरेशनं झाली. मंगळवारी सकाळी पाकीट उघडलं, तर पट्टी पांढरीफटक.

मी तशीच जिना चढून गेले आणि सर्जनना सांगितलं. दोघा पेशंटना, एक हर्नियाचे काका आणि एक मानेवरची गाठ काढलेल्या आजी, लगेच औषधं सुरू झाली. कशासाठी, ते मात्र त्यांना कोणी सांगितलं नाही. दुपारी मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर आमची वही उघडून ठेवलेली होती.

“सिस्टर, दोघं बरी आहेत. पट्टी बदलली होती असं लिहा, सही करा आणि विषय संपवा.”

“पट्टी पांढरी निघाली, डॉक्टर.”

“ते तुम्हाला माहीत, मास्तरला माहीत, मला माहीत. तपासणीवाले फक्त वही बघतात. आणि तुमची सही दिसली की पुढचं पानसुद्धा उलटत नाहीत.”

“म्हणूनच करता येत नाही.”

ते खुर्चीत मागे रेलले. “तुमच्या देवाला आमच्या वहीशी काय घेणंदेणं?”

“वहीशी नसेल. त्या आजींशी आहे. आणि माझ्याशीही आहे.”

त्यांनी मला पुढच्या सोमवारपर्यंत विचार करायला सांगितलं. मी म्हटलं, विचार झालेला आहे. सात महिने राहिलेत, निवृत्तीवर डाग लागेल, असंही ते बोलले. माझा आवाज जराही कापला नाही. येशूला मानते म्हणून चाळीस वर्षं सांगत आले, ते रविवारपुरतं नव्हतं.

तुला हे कळवण्याचं कारण एकच. नऊ वर्षांपूर्वी तू ड्यूटी सोडून लेकीचं शाळेतलं नाटक बघायला गेलास, ॲम्ब्युलन्स चाळीस मिनिटं उशिरा पोचली आणि वहीत तू वेळ बदलून लिहिलीस. पेशंट वाचला, ही देवाची कृपा. चौकशीत मला विचारलं, मी पाहिलं ते सांगितलं, तुझी नोकरी गेली. तेव्हापासून तू धरून चाललायस की ताईने डूख धरला. तसं नव्हतं. माझ्याकडे सगळ्यांना एकच माप आहे, भाऊ असो की मास्तर. आता तरी पटावं.

तुझी ताई
(तुझ्या भाषेत हवालदार)


८ जून, शनिवार

धाकट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला. पत्र तू वाचलंस म्हणे, उभ्या उभ्या, बुटांसकट. काय म्हणाला विचारलं, तर आधी ती टाळत होती. मग म्हणाली, “हे एवढंच म्हणाले, ताई होती तिथेच आहे.”

मला राग आला. म्हटलं, होते तिथेच आहे, आणि तिथेच राहणार. ठाम उभं राहणं हा काय गुन्हा झाला? फोन ठेवून मी मोठ्या डॉक्टरांसाठी प्रार्थना करायला बसले. वाईट वागणाऱ्यासाठी प्रार्थना करावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. पण खरं सांगू, ती प्रार्थना कमी आणि तक्रार अर्ज जास्त होता. अर्ध्यातच उठले.

आज सकाळी दारात मास्तरची बायको. हातात पिशवी नाही, काही नाही, नुसती आली होती. मी आत बोलावलं तर खुर्चीच्या कडेवर टेकली.

“सिस्टर, हे बुधवारपासून जेवले नाहीत.”

मी म्हटलं, “चूक झाली की माणसाला लागतंच.”

“चूक माझीच, एवढंच म्हणतात. मी विचारलं, तुम्ही बावीस वर्षांत कधी पाकीट न उघडता माल पाठवला नाही, त्याच दिवशी का? तर गप्प बसतात. तुम्हाला माहीत आहे का, का ते?”

मी म्हटलं, मला काय माहीत.

ती गेली. तिला दिलेलं ग्लासातलं पाणी तसंच होतं. धाकट्या, मी तुला आधीच्या पत्रात लिहिलं की मास्तरने घाई केली. आता पुरतं लिहिते. घाई मी केली. सोमवारी साडेतीनला आमच्या महिला मंडळाची प्रार्थनासभा होती, आणि बायबलच्या वचनावर बोलायची पाळी माझी होती. दोन खेपांचा माल मीच एका खेपेत भरायला लावला. आणि पर्स खांद्याला लावून दारातून म्हणाले, “मास्तर, पाकीट नंतर बघा, आधी वर पाठवा, ते लोक खोळंबलेत.” तो म्हणाला, “बघून पाठवतो ना.” मी म्हटलं, “मी सांगतेय ना.”

आणि सभेत जाऊन मी विश्वासूपणावर पाऊण तास बोलले. बायकांनी डोळे पुसले.

मास्तरने हे कोणाला सांगितलेलं नाही. मोठ्या डॉक्टरांना नाही, बायकोलाही नाही. त्या माणसाला धर्म वगैरेचं फारसं काही नाही, आमच्या सभांना तो हसतो. पण माझं नाव त्याने तोंडातून काढलं नाही. आणि मी, खोटी सही नाकारणारी शूर बाई, त्याच्या बायकोला म्हणाले की मला काय माहीत.

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितेय, कारण उद्या चर्चला, मंडळीत जायचंय आणि तिथे माझ्यापुढे काय वाढून ठेवलंय ते मला दिसतंय.

ताई


९ जून, रविवार, दुपार

धाकट्या,

अजून साडी बदललेली नाही. आधी तुला लिहायला बसले.

माझी बातमी मंडळीत कालच पोचली होती. दारातच दोघीतिघींनी हात हातात घेतले. सिस्टर, पुन्हा सत्यासाठी उभ्या राहिलात, म्हणाल्या. पाळकांनी गाणं संपल्यावर चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “आज साक्षीची वेळ सिस्टरना देऊ या.” तुला तर माहीत आहे, देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते उठून सगळ्यांसमोर सांगायचं, आणि मी उठले की लोक सावरून बसतात.

उठून पुढे गेले. समोर तिसऱ्या रांगेत एक नवरा-बायको बसले होते, मध्ये लहान मुलगी, पाय हलवत. ती माणसं मला ओळखीची नव्हती. पण त्या रांगेत मला तुम्ही तिघं दिसलात.

धाकट्या, नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की खरं बोलल्यामुळे भाऊ तुटला. ते खोटं आहे आणि ते मला पहिल्यापासून माहीत आहे. चौकशीनंतर तू माझ्याशी बोलत होतास. शुक्रवारी माझ्याकडे येऊन गेलास, “सांगितलंस ते बरोबर होतं, पण मला फार लागलंय,” म्हणालास. रविवारी तू बायकोला आणि लेकीला घेऊन उपासनेला आलास. नोकरी गेलेला माणूस, सगळ्यांच्या नजरा चुकवत, तरी आलास. आणि मी साक्षीच्या वेळी उठले. कोणी बोलावलं नव्हतं. मी आदल्या संध्याकाळी पाळकांना भेटून वेळ मागून घेतली होती. तू तिसऱ्या रांगेत बसलेला असताना मी सांगितलं की देवाने मला सख्ख्या भावाविरुद्ध खरं बोलायचं बळ दिलं. भावाने काय केलं, तेही सांगितलं. तुझ्या लेकीने तुझ्याकडे मान वर करून बघितलं, ते मला पुढून दिसलं. मी थांबले नाही. लोक ‘आमेन’ म्हणत होते, आणि मला ते आवडत होतं.

शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही तिघं उठून गेलात.

आज मी हेच सगळं बोलले. मग सोमवारची घाई माझी होती, मास्तरची नव्हती, तेही बोलले. कोणाचं नाव न घेता देवाचे आभार मानून खाली बसता आलं असतं, पण मग पुन्हा टाळ्यांचंच झालं असतं. मी म्हटलं, “मी खरं बोलले होते. ते मी परत घेत नाही. पण ज्याच्याविषयी बोलले त्याच्यावर प्रेम करायचं मी विसरले, आणि त्या बोलण्याला देवाचं काम म्हणाले. भावाची क्षमा मागायची ती त्याच्याकडे मागेन. तुमची मागते, कारण मी तुम्हालाही त्यात ओढलं.”

कोणी ‘आमेन’ म्हणालं नाही. एक काका बाहेर पडताना पुटपुटले की अशा गोष्टी चार भिंतींत ठेवायच्या असतात. बाजा वाजवणाऱ्या मावशींनी नाक शिंकरलं आणि चुकीचं गाणं सुरू केलं. पाळकांनी मात्र दाराशी माझा हात धरला. म्हणाले, “त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने आमेन मीच म्हटलं होतं.”

मला वाटलं होतं, घरी येईन ती खाली मान घालून. तसं झालं नाही. इतकी हलकी मी कित्येक वर्षांत चालले नव्हते. गुडघेसुद्धा दुखले नाहीत. (आता दुखतायत.)

उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय. घाबरलेली नाही. येशू माझ्याबरोबर आहे हे मी आजवर सांगत होते, आज मला ते ठाऊक आहे.

मला क्षमा कर. या ओळीपुढे ‘पण’ नाही.

ताई


१८ जून, मंगळवार

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, तुझ्याकडे माझी नऊ वर्षं जमा आहेत.

इथलं सांगते. त्या सोमवारी मी आधी मास्तरच्या घरी गेले. तो बनियनवर दारात आला आणि मला बघून शर्ट घालायला आत पळाला. मी त्याच्या बायकोसमोर सांगितलं, घाई मी करवली. तिने आत जाऊन गॅस पेटवला. मास्तर म्हणाला, “सिस्टर, उगाच कशाला? एकाचीच नोकरी जाईल ती जाऊ दे. तुमचे सात महिने राहिलेत.” मी म्हटलं, “मास्तर, बावीस वर्षं तुम्ही माझं ऐकलंत आणि एकदाच मी चुकीचं सांगितलेलं ऐकलंत. आज परत एकदा ऐका. चला.”

आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो. मी वहीत लिहिलं: पट्टीचा रंग बदलला नाही, माल चाचणीआधी पाठवला, माझ्या सांगण्यावरून. सही केली. मोठे डॉक्टर म्हणाले, “तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय.” मी म्हटलं, “तुमच्यावर राग नाही, डॉक्टर. तुमच्यावर वरून किती दाब आहे ते मला दिसतं. पण त्या दोघांना सांगायला हवं, आणि तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाईन.”

ते आले. टाय नीट करून आले. हर्नियाचे काका भडकले, ते साहजिकच होतं. मी ऐकून घेतलं. आजींनी सगळं ऐकलं आणि मला विचारलं, “तुला हे सांगायची भीती नाही वाटली?” म्हटलं, वाटली. त्या म्हणाल्या, “मग बस इथे जरा.” त्यांच्या पलंगावर दहा मिनिटं बसले. दोघांच्याही रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्यात. दोघं घरी गेली.

आता माझी खात्याची चौकशी आहे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, मी सगळं लिहूनच दिलंय. फक्त एक फॉर्म भरायचा आहे. त्यात एक रकाना असतो, कर्मचाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या व्यक्तीचं नाव. तुझ्या चौकशीत त्या रकान्यात तू माझं नाव लिहिलं होतंस. मी कारकुनाला सांगून ते खोडायला लावलं. म्हटलं, मी तर विरुद्ध बोलणार, शेजारी कशी बसू? तू एकटा बसलास. खोलीत तीन अधिकारी एका बाजूला, मीही त्याच बाजूला, आणि समोर तू.

महिला मंडळातल्या तिघी यायला तयार आहेत. एकीने तर भावाची कार सांगून ठेवलीय. मी रकाना कोरा ठेवलाय. तुला बोलावत नाही, तेवढं तोंड माझ्याकडे नाही. नुसतं कळवते. बुधवार, २६ तारीख, सकाळी अकरा.

ताई


२७ जून, गुरुवार

धाकट्या,

काल तू गेल्यावर किती गोष्टी बोलायच्या राहिल्या, ते बसची धूळ खाली बसेपर्यंत लक्षात आलं नाही. म्हणून हे.

पावणेअकराला मी जिना चढून आले आणि बाहेरच्या बाकावर तू. केस सगळे पांढरे, आणि पोट सुटलंय, सांगते. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, “अकरा ना?” मी ‘हो’ म्हटलं. तेवढंच आपण नऊ वर्षांनी बोललो.

कारकुनाने विचारलं, “आपण कोण?” तू म्हणालास, “भाऊ. रकान्यात लिहा.” आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसलास. खुर्चीचा पाय लंगडा होता, तू तो सारखा हलवत होतास, मला तेही बरं वाटत होतं.

मी माझं सगळं सांगितलं. मधल्या साहेबांनी तुला विचारलं, तुम्हाला यांच्या बाजूने काही बोलायचंय का? “ती सांगतेय ते खरंच असणार,” म्हणालास. “ती खोटं बोलत नाही. मला फार महागात पडलंय ते.”

ते साहेब हसले. तू हसला नाहीस. पण तू खुर्ची हलवायची थांबवलीस.

निकाल तुला अर्धाच कळला. मला इनचार्ज पदावरून काढलं, उरलेले महिने चादरींच्या घड्या घालायला बसवलंय. मास्तरला लेखी ताकीद, नोकरी शाबूत. आज त्याने पहिली खेप लावली आणि चाचणीची पट्टी मला दाखवायला मुद्दाम चादरींच्या खोलीत आला. म्हटलं, मास्तर, आता मी तुमची साहेब नाही. म्हणाला, सवय. मोठे डॉक्टर जिन्यात भेटले, थांबले, म्हणाले, “सिस्टर, ती वही मी जपून ठेवलीय.” त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही. त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते. आताशा ती अर्जासारखी होत नाही.

बसस्टँडवर तू म्हणालास, “तुझ्या चर्चमध्ये मी येणार नाही.” मी म्हटलं, मी विचारलंय का? तू म्हणालास, “विचारशील.” विचारीन, धाकट्या. पण तू नाही म्हणालास तरी आता मी तुझ्या घरी येणार, तुझ्या लेकीची क्षमा मागायची आहे. ती आता मोठी झाली असेल, तिला दारातूनच मला हाकलायचं असेल तर तू मध्ये पडू नकोस.

बोलायचं राहिलं ते हे. काल त्या खोलीत तू माझ्या शेजारी बसलास आणि माझ्याविषयीचं खरं तेच बोललास, कमी नाही की जास्त नाही. तेव्हा मला कळलं की नऊ वर्षांपूर्वी मलाही अधिकाऱ्यांच्या बाजूला, तुझ्यासमोर बसायची काही गरज नव्हती. तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून, तुझा हात धरून, मी तेच सांगितलं असतं, एक शब्दही न बदलता.

तुझी
ताई